मीठ-कोळशाचा खड्डा

सांगली
६ फेब्रुवारी १९६६

ती. धोंडीबादादास,

जयभीम. तू उलट जयभीम घालणार नाहीस हे ठाऊक आहे, म्हणून तुझ्या वतीनं मीच मला रामराम घालून घेतला. फिट्टंफाट.

हे पत्र तुझ्या हातात नाही, कानात पडतंय. तुझ्या मालकीणबाई कस्तुरीताई ओसरीवर बसून वाचतायत आणि तू खाली अंगणात कडबा तोडायचं नाटक करत ऐकतोयस. ताई, तो "पुरं झालं" म्हणेल, तरी थांबू नका. त्याचा अर्थ "फुडं वाचा" असाच असतो. सख्खा थोरला भाऊ आहे माझा. घरातले देव मी पोत्यात घालून नदीला दिले त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलला नाही, पण त्याचं न बोलणं मला चांगलं ऐकू येतं.

बातमी ही, की मी वायरमनची परीक्षा पास झालो. कोयनेच्या कामावर लायनमनच्या मागं तारेची भेंडोळी वाहणारा तुझा आक्या आता परवानेवाला वायरमन आहे. परवान्यावर फोटो आहे. फोटोत मी फौजदारासारखा दिसतो. तोंडी परीक्षेत साहेबांनी विचारलं, "मोटार बिघडली हे कसं ओळखाल?" मी म्हटलं, "आधी कानानं, मग मीटरनं." साहेब हसले, पण पुढचा प्रश्न विचारलाच नाही.

मात्र नुसता परवाना म्हणजे लगीन ठरलं, नांदणं नाही. लायसनवाल्या ठेकेदाराकडं आपलं नाव चढावं लागतं. काम झालं की तपासणीच्या कागदावर त्याची सही, माझी सही, मगच बोर्ड वीज सोडणार. इथल्या जवाहरशेठनी मला घेतलं. घेताना म्हणाले, "आकाराम, तुझ्या पहिल्या कामांतलं एखादं तपासणीचे साहेब स्वतः येऊन बघतील. पास झालं तर तू कायमचा. नापास झालं तर परवाना गेला, आणि चारचौघांत माझं नाक कापलं जाईल ते निराळंच."

आणि पहिलं काम कुठलं निघावं? पलूसचं, जिनदत्तअण्णांचं नवं घर. म्हणजे तू आणि पारूवैनी ज्या अंगणात राबता तेच. मी काही ते मागून घेतलं नाही.

जरा घेतलं.

तुझा
आकाराम

सांगली
२७ फेब्रुवारी १९६६

ती. दादास,

काम झालं, वीज आली, तू बोलला नाहीस. तिन्ही गोष्टी अपेक्षेप्रमाणं.

चार दिवस मी त्या घरात तारा ओढत होतो आणि चार दिवस तू कडब्याच्या गंजीआड उभा होतास. गंजी काही एवढी मोठी नाही, दादा. तुझा खोकला मला शिडीवर ऐकू येत होता. तपकीर कमी कर.

दिव्यांचं मला फारसं कौतुक नाही, दिवे कुणीही लावेल. माझं खरं काम तो गोठ्याजवळचा नळ. ताई, तुमच्यासमोर हे लिहायला संकोच नाही, कारण तुम्हीही बघताच. पारूवैनीला आडावर जाता येत नाही. कुणीतरी येऊन वरून पाणी ओतायचं, तवर ती घागर घेऊन उन्हात उभी. आडावर मोटार बसवायचं ठरलंच होतं, तेव्हा मी अण्णांना म्हटलं, "हौदाकडं नळी जातीयच, तिलाच एक फाटा काढून बाहेर आणू. म्हशीच्या डोणीतबी पाणी आपोआप पडंल." म्हशीचं नाव काढल्यावर अण्णांना पटलं. "भाईर असंल तर असू दे," म्हणाले. मोटार चालू आहे तोवर नळ चालू, मोटार बंद की नळ बंद.

वैनीनं स्वतःच्या हातानं तो नळ सोडला. घागर भरून वाहायला लागली तरी बघतच राहिली. "भावजी, ह्यो थांबवायचा कसा?" "डावीकडनं उजवीकडं फिरवा की." "नगं, वाहू द्या जरा," म्हणाली.

एक गोष्ट मात्र मनाला लागून आहे. अण्णांनी मोटार जुन्या बाजारातनं आणलीय. मीटरवर ती पास झाली, माझ्या कानावर झाली नाही. चालू केली की दम्याच्या म्हाताऱ्यासारखी घरघरते. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "तुजं काम तारा वढायचं. मोटारीला नावं ठिवायचं न्हवं." म्हणून मी अर्थिंगचा खड्डा हात राखून केला नाही. अर्थिंग म्हणजे वाट चुकलेल्या करंटाला जमिनीत जायची वाट. खोल खड्डा खणायचा, मधी लोखंडी नळी उभी करायची, भोवती मिठाचा थर, कोळशाचा थर, पुन्हा मीठ, पुन्हा कोळसा, आणि मोटारीच्या अंगापासून त्या नळीपर्यंत तार. मोटार आतनं फुटली तर करंट तिकडनं मातीत जाईल. तो माणसातनं जाण्यापेक्षा बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्डाचा माणूस यायचा होता, म्हणून खड्डा भरता भरता तिन्हीसांज झाली. तू लांबून बघत होतास. मी हाक मारली, "दादा, बादलीभर पाणी आण की, मीठ भिजवायचंय." तू गोठ्यात निघून गेलास.

तरी पाठ वळवण्याआधी तू बराच वेळ बघत होतास. मला वाटलं, काम बघतोयस.

आकाराम

सातारा
१३ मार्च १९६६

ती. दादास,

इथं सरकारी बंगल्यांच्या वायरिंगवर आहे. कस्तुरीताईंचं कार्ड सांगलीहून फिरून आलं. ताई, तुमचं अक्षर मोत्यासारखं, मजकूर मात्र मिरचीसारखा.

आधी फ्यूजचं. मोटार चालू केली की रोज सकाळी फ्यूज उडतो, अण्णा वैतागलेत, मला शिव्या घालतायत. घालू देत. पण फ्यूज उडणं म्हणजे वायरिंग बिघडणं नव्हे. फ्यूज हा चौकीदार. मोटारीच्या आत कुठंतरी तार उघडी पडलीय, करंट मोटारीच्या अंगावर येतो, अंगावरनं खड्ड्यातनं जमिनीत पळतो, आणि तो पळताना दिसला की चौकीदार दार लावून घेतो. मोटार उतरवून सांगलीला भरायला द्या, म्हणजे आतली तार नवी गुंडाळून मिळेल. फ्यूजला जाड तार घालू नका. मी इथनं सुटलो की येतोच.

आता दुसरं. दादा, तू गावात सांगतोयस म्हणे, की मी करणी केली.

वाचून मी हसलो. माझ्याबरोबरचा लालासाहेब फिटर म्हणाला, "का रं, लॉटरी लागली का काय?" मग त्याच्या खोलीतल्या भिंतीवरचं पंचांग बघितलं आणि हसू आटलं. खड्डा भरला ती वीस तारीख. अवस होती! मी पंचांग बघायचं सोडलं त्याला वर्षं झाली. माझ्या डोक्यात बोर्डाचा माणूस होता, तुझ्या डोक्यात चंद्र. आता तुझ्या डोळ्यांनी बघतो. अवसेची तिन्हीसांज, दारात खड्डा, त्यात मीठ, त्यात कोळसा, मधी लोखंड, आणि पुरणारा कोण, तर देव बुडवलेला भाऊ. वर तुझ्याकडंच पाणी मागतोय. तुझ्या जागी मी असतो तर मीही टरकलो असतो.

चूक झाली ती वेळेची. खड्ड्याची नाही. तुला रुसायचं तर माझ्यावर रूस, हवं तर मला उतरून टाक, पण त्या खड्ड्याला हात लावू नको.

आकाराम

सातारा
२७ मार्च १९६६

दादा,

कार्ड आत्ता मिळालं, उभ्या उभ्या लिहितोय.

तू खड्डा उकरलास. मीठ-कोळसा ओढ्यात टाकलास, वर लिंबू कापलंस, नळी गोठ्यात उभी केलीस. आणि दुसऱ्या दिवसापासून फ्यूज उडायचा थांबला. मोटार झकास चालते. अण्णांनी तुला नारळ दिला. "वीज आता शानी झाली" असं तू म्हणालास, ते ताईंनी जसंच्या तसं लिहिलंय.

दादा, नीट ऐक. ताई, हे सावकाश वाचा.

वीज शहाणी झालेली नाही. मोटार अजून फुटकीच आहे. आधी तिच्यातला करंट खड्ड्यातनं जमिनीत जात होता, म्हणून फ्यूज उडत होता. आता त्याला वाटच नाही, म्हणून तो कुठं जात नाही. तिथंच बसून आहे. मोटारीच्या अंगावर, नळीवर, नळावर. मोटारीची आडाकडची नळी रबराची, हौदाकडची लोखंडाची सगळी दगडाविटांवर बसलेली. खाली कुठंच उतरता येईना म्हणून तो वाट बघत बसलाय. ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून जो कुणी त्या नळाला हात लावेल, तो त्याची वाट होईल. घरात आता जी शांतता आहे, ती चौकीदार मेल्यामुळं आहे.

ताई, कार्डाच्या कडेला, जागा उरली म्हणून तुम्ही एक ओळ लिहिलीत: "म्हैस डोणीत तोंड घालीना, नजर लागली असावी." नजर नाही. डोण लोखंडी आहे, विटांवर ठेवलेली, तिच्यावर नळ टेकलाय. तिचं नाक आपल्या हातापेक्षा हुशार आहे.

अण्णांना सांगून आजच्या आज मोटार बंद करा. ऐकत नसतील तर निदान वैनीला सांगा, नळाशी कोरडा पाट टाक, पाटावर उभी राहा, हाताला कोरडं फडकं गुंडाळ. हा उपाय नाही, नुसतं थिगळ आहे. मी येतोय.

आकाराम

सांगली
८ एप्रिल १९६६

दादा,

मी येऊन गेलो, आणि काय झालं ते तुला ठाऊक आहे. तरी लिहितो, कारण ताई तेव्हा आत होत्या. कुणीतरी एकानं तरी सगळं सरळ ऐकलेलं असावं.

मी पिशवी घेऊन अंगणात आलो. तू खराटा घेऊन आडवा.

"आलास? आता आनी काय पुरायचं राहिलं?"

बोललास! एवढ्या वर्षांनी तुझा आवाज माझ्याकडं तोंड करून आला आणि हा शब्द घेऊन आला. तरी खरं सांगतो, बरं वाटलं.

अण्णा बाहेर आले. मी म्हटलं, "अण्णा, मोटार चालू करा आणि मला ह्यो दिवा नळाला लावू द्या. एक टोक नळाला, एक टोक जमिनीत. दिवा पेटला तर मी खरा."

अण्णा म्हणाले, "फ्यूज उडत हुता तवा तुजं काम बिघडल्यालं. आता उडत न्हाई तर ते बिघडवाय आलायस व्हय? म्हंजी पुन्यांदा दुरुस्ती, पुन्यांदा मजुरी!"

"मजुरी नको. मीठसुदिक माजं आनतो."

मीठ म्हटलं आणि तू उसळलास. "बगा अण्णा! मीठाचंच नाव काढतोय! आक्या, त्या नळाला तुजा हात लागला तर माजं रगात बगशील. देव बुडीवलंस तवा मी गप बसलो. आता घर बुडवाय द्याचा न्हाई."

"अरं दादा, निदान वैनी हाताला फडकं तरी—"

"फडकं? माज्या बायकूनं आता नळाचीबी शिवाशिव पाळायची व्हय? जलमभर दुसऱ्यांनी आमची पाळली, ती कमी पडली?"

तुझ्याकडं अशी वाक्यं आहेत, दादा, आणि तू ती वैरणीत घालवतोस.

मी परत फिरलो. ओढ्याच्या वळणावर वैनी शेणाची पाटी घेऊन उभी होती. इकडंतिकडं बघून म्हणाली, "भावजी, हाताला मुंग्या येत्यात. नळ सोडताना. मी म्हनलं, वय झालं."

"कवापासनं?"

"खड्डा उकरला त्याच्या मागनं. आदी बोटात यायच्या, आता कोपरापतुर येत्यात."

"वैनी, त्या नळाला हात लावू नका."

"मंग पानी? आडावर जाऊ?"

बोटात यायच्या त्या कोपरापर्यंत आल्या. ताई, हे वाक्य अण्णांना वाचून दाखवा. मी तेव्हापासून तेच ऐकतोय. मोटार दिवसेंदिवस फुटत चाललीय. उन्हाळा आहे, जमीन कोरडी आहे, म्हणून कोपरावर निभावतंय. नळाखाली मात्र आता कायमचा चिखल झालाय. मी जाता जाता बघितलं, वैनीच्या पायांचे ठसे त्यात खोल उमटलेत.

आकाराम

सांगली
१७ एप्रिल १९६६

दादा,

मी एक गोष्ट केली आहे. तुला राग येईल, म्हणून आधी दुसरंच सांगतो. इथं आंबा आला. लालासाहेब साताऱ्याहून कंदी पेढे घेऊन आला. त्यानं ते वाटेतच निम्मे संपवले.

आता गोष्ट. जवाहरशेठना मी सगळं सांगितलं. ते दुकानाच्या फळीवर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. मला म्हणाले, "साहेबांनी तुझं तपासायला पलूसचंच काम काढलंय. मेअखेर येतील. तेच बघतील, तेच जिनदत्ताला दम देतील. तवर तू गप."

"शेठ, तवर माझी वैनी रोज नळ सोडते."

"साऱ्या गावात वायरी लोंबतात. किती माणसं मेली?"

"मेली की मग मोजायची का?"

अडकित्ता थांबला. ते माणूस वाईट नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "अरे, तक्रार करणार कोण? तू. कुणाच्या सहीवर? तुझ्याच. खड्डा तू काढलास का भावानं, साहेब कुणाला विचारत बसतील? परवाना आधी जप्त, मग चौकशी. मग मीही तुला ठेवू शकत नाही. एवढं शिकलास, ते ह्यासाठी?"

मी म्हटलं, "विचार करतो." शेठना वाटलं, मी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधी मी दारात होतो. साहेबांना सांगितलं, "मी सही केलेलं अर्थिंग आता जाग्यावर नाही. मोटार सदोष आहे. वीज तोडा." त्यांनी विचारलं, अर्थिंग कुणी काढलं? मी म्हटलं, ठाऊक नाही. तुझं नाव मी घेतलेलं नाही, दादा. ते कुणी विचारलं तर तूही सांगू नको.

दोन-तीन दिवसांत बोर्डाची माणसं येतील. त्यांना खराटा दाखवू नको.

परवान्याचं काय ते बघू.

आकाराम

सातारा
१ मे १९६६

दादा,

शेठ म्हणाले तसंच झालं, म्हणून पत्ता बदलला आहे. इथं मोटारी भरायच्या एका दुकानात लागलोय. दिवसभर तांब्याची तार गुंडाळायची. सही करायची नाही, कागद नाही, साहेब नाही. मालक म्हणतो, "तू नुसतं ऐकून सांग, कुठली मोटार कुठं फुटलीय. बाकी पोरं करतील." म्हणजे कानाची नोकरी आहे. वाईट नाही.

वीज तोडल्याचं ताईंनी कळवलं. तुझा निरोपही कळवला. एकच ओळ: "त्येला सांगा, पारूचं पानी तोडलंस."

ती ओळ मी खिशात ठेवली नाही, दुकानातच ठेवून आलो, तरी ती खोलीवर आली.

खरं आहे. मीच दिलं, मीच तोडलं. वैनी पुन्हा आडाजवळ उन्हात उभी राहते, कुणी येऊन ओतेल म्हणून. बरोबरच्या बायका म्हणतात, "काय पारू, इंजनिअर दीर कुठं गेला?" हे ताईंनी लिहिलं नव्हतं, पण मला ऐकू येतं. तरी दादा, उभी आहे. उभी आहे तोवर मला काय वाटेल ते म्हण.

अण्णांना मी वेगळं पत्र घातलं होतं. मोटार इथं पाठवा, मी फुकट भरून देतो. उत्तर नाही.

आकाराम

सातारा
९ मे १९६६

दादा,

ताई, हे पत्र आधी तुम्ही एकट्यानं वाचा, मग त्याला ऐकवा. ऐकवताना त्याच्या तोंडाकडं बघू नका. कुणी बघत असलं की तो ऐकत नाही.

तुम्ही कळवलंत, की अण्णांनी दुसरा ठेकेदार गाठला. त्याचा माणूस आला, त्यानं रिकामा खड्डा लांबून बघितला, "आहे की अर्थिंग," म्हणाला, चहा घेतला आणि गेला. मोटार तीच. कागदावर सह्या झाल्या. गुरुवारी सकाळी वीज सोडणार, अण्णा पेढे वाटणार.

मी सांगलीच्या कचेरीत जाऊन आलो. कारकून म्हणाला, नवा कागद सहीशिक्क्यासह आलाय, तुमचा परवाना चौकशीत आहे, तुमच्या तोंडी सांगण्यावर आम्हाला काय करता येणार? त्याच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो. साहेब दौऱ्यावर आहेत, पुढच्या सोमवारी येतील. जवाहरशेठनी अण्णांना चिठ्ठी दिली होती, ती अण्णांनी फाडली. सरळ रस्ते होते ते सगळे चालून झाले.

आणि परवा वळवाचं शिंतडलं म्हणे तिकडं. म्हणजे अंगण ओलं आहे.

म्हणून आता जे करणार आहे ते सांगतो. मी गुरुवारी पहाटेच्या एष्टीनं येतोय. पिशवी नाही, दिवा नाही, पकड नाही. काही दुरुस्त करायला येत नाही, तेव्हा अण्णांना हरकत घ्यायचं कारण नाही. सरळ गोठ्याकडं जाईन, चपला काढीन, नळाखालच्या चिखलात उभा राहीन आणि नळाला हात घालीन. अण्णांनी मग खुशाल मोटार चालू करावी. वीज आल्यावर त्या नळाला पहिला हात माझा. तेवढ्याला परवाना लागत नाही.

तू म्हणालास, नळाला हात लावला तर तुझं रक्त मला दिसेल. नाही दादा. करंटात रक्त दिसत नाही. माणूस नळ सोडत नाही, एवढंच दिसतं. तसं झालं तर मला ओढायला कुणी हात लावू नये. तू तर मुळीच नाही. आधी मेन स्विच पाडायचा. कुठं आहे ते ताईंना दाखवलंय.

धमकी समजू नको. मी तुला ओळखतो, म्हणून लिहितो. तुला विजेचं कळत नाही आणि मला करणीचं, पण लहानपणी औंधाच्या देवरुष्यापुढं आपण दोघं मांडीला मांडी लावून बसलोय. तो काय सांगायचा ते मला पाठ आहे. करणी दुसऱ्याच्या हातची लागते. घरधन्यानं नाहीतर त्या दारच्या गड्यानं आपल्या हातानं, आपल्या चुलीतलं, त्या दारात पुरलं, तर ती करणी होत नाही. विचार कुणालाही.

तर तो खड्डा तू भर. माझा हात त्याला नको. कोळसा तुझ्या चुलीतला. मीठ ताई देतील, जाडं मीठ, अर्धं पोतं. नळी गोठ्यात उभी आहे ती मधोमध ठेव. एक थर मीठ, एक थर कोळसा, वरपर्यंत, आणि वर तुझ्या हातानं चार बादल्या पाणी. मोटारीपासनं आलेली तार भिंतीला लोंबत असेल, तिचं टोक चकचकीत खरवडून नळीला घट्ट आवळ, हलता कामा नये. अवस अजून लांब आहे, मी या वेळी पंचांग बघितलं. दिवसाढवळ्या कर, चारचौघांत कर, तुझ्या देवीचं नाव घेऊन कर. मी कान झाकून घेईन.

अण्णा विचारतील तर सांग, म्हशीसाठी.

केलंस का नाही, ते मला कळवू नको. मी आल्यावर खड्ड्याकडं बघणार नाही. बघितलं तर माझा हात आधीच ठरवेल, आणि मग तू म्हणशील, आक्या नाटक करतो.

तू खड्डा भरला असशील, तर अण्णांनी बटण दाबताच फ्यूज उडेल. नळ कोरडा राहील, अण्णा चिडतील, पेढे तसेच राहतील आणि सारं गाव माझ्या नावानं हसेल. हसू दे. मग मोटार मी इथं आणून भरीन, चांगली करून परत बसवीन, आणि वैनीला पाणी मिळेल, मुंग्यांशिवाय.

भरला नसशील, तर फ्यूज उडणार नाही. मोटार झकास चालेल.

वैनीला सांग, गुरुवारी सकाळी घागर घेऊन माझ्या जवळ येऊ नको.

आणि दादा, गुरुवारी त्या नळाला पाणी येऊ नये, एवढं माग. कुणाकडं मागायचं ते तुझं तू बघ.

तुझा
आक्या